धोका कोणी सांगायचा?

ऑक्टोबर २०२५ मध्ये भूपती या टोपणनावाने ओळखला जाणारा माओवाद्यांचा ज्येष्ठ नेता सुमारे साठ साथीदारांसह गडचिरोलीत शरण आला. मुख्यमंत्र्यांसमोर शस्त्रे खाली ठेवली गेली आणि चार दशके चाललेल्या एका वादाचा निकालही त्याच दिवशी लागला, असे पुष्कळांनी धरून टाकले. या जिल्ह्याची सुरक्षा म्हणजे काय आणि ती राखायची कोणी, हा तो वाद. निकाल म्हणून सांगितले जाते ते असे: सुरक्षा म्हणजे सशस्त्र शत्रूचा बंदोबस्त, आणि तो पोलिसांनी केला. बालमृत्यू, कुपोषण, वनहक्क, मानवी हक्क असे विषय घेऊन जे मधल्या काळात बोलत राहिले त्यांचा या कामाशी संबंध नव्हता. झाली तर त्यांची अडचणच झाली. सुरक्षेच्या अर्थात अन्न, आरोग्य, पर्यावरण, उपजीविका असे सगळे कोंबण्याची हौस परदेशी अहवालांतून आली आणि स्वयंसेवी संस्थांनी ती पोसली, अशी पुस्तीही जोडली जाते.

हे मत निव्वळ दूरचित्रवाणीवरच्या आरडाओरड्यातले असते तर त्याच्या वाटेला जाण्याचे कारण नव्हते. त्यामागे विद्वानांचे पाठबळ आहे. पूर्वपक्ष मांडायचा तो त्याच्या सर्वांत बळकट रूपात, ही आपल्याकडच्या शास्त्रार्थाची शिस्त. ती पाळायला हवी.

१९९४ साली संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाने आपल्या मानव विकास अहवालात ‘मानवी सुरक्षा’ ही कल्पना मांडली. अहवालामागचे डोके महबूब उल हक यांचे. पाकिस्तानचे अर्थमंत्रिपद सांभाळलेला, म्हणजे संरक्षणखर्चाची खातेवही आतून पाहिलेला हा अर्थशास्त्रज्ञ. त्यांनी सुरक्षेची सात अंगे सांगितली: आर्थिक, अन्नविषयक, आरोग्यविषयक, पर्यावरणीय, वैयक्तिक, सामुदायिक आणि राजकीय. यावर हरकत अशी की सातांत न बसणारे मग उरले काय? स्टीफन वॉल्ट या अमेरिकी अभ्यासकाने १९९१ मध्येच इशारा दिला होता की प्रदूषण, रोगराई, आर्थिक मंदी असे सगळे सुरक्षेच्या अभ्यासात घेतले तर त्या विद्याशाखेची बांधणीच विस्कटेल. पुढे २००१ मध्ये रोलँड पॅरिस यांनी मानवी सुरक्षा ही खरेच नवी दृष्टी आहे की नुसती गरम हवा, असा थेट सवाल केला. ज्या कल्पनेला कोणीच विरोध करू शकत नाही ती धोरण ठरवताना कामाची नसते, हे त्यांच्या म्हणण्याचे सार. आपल्या तर्कशास्त्राच्या भाषेत हा अतिव्याप्तीचा दोष. ‘जिला शिंगे आहेत ती गाय’ म्हटले की म्हैसही गोठ्यात येते.

दुसरा मुद्दा अनुभवाचा. जिथे रस्त्याखाली सुरुंग पेरलेले आहेत तिथे डॉक्टर आणि शिक्षक पोहोचणार कसे? १ मे २०१९ रोजी, ऐन महाराष्ट्रदिनी, कुरखेड्याजवळ जांभुळखेड्याला सुरुंगाच्या स्फोटात पंधरा पोलीस आणि त्यांच्या गाडीचा चालक मारला गेला. पोलिसांचा खबऱ्या असल्याचा ठपका ठेवून माओवाद्यांनी कितीतरी आदिवासींचे जीव घेतले. अशा ठिकाणी बंदुकीचा बंदोबस्त आधी आणि बाकी सगळे नंतर, हे म्हणणे निर्दयपणाचे नाही, व्यवहाराचे आहे. तिसरा मुद्दा अधिकाराचा. सरकार निवडून येते, पोलीस कायद्याला बांधलेले असतात. स्वयंसेवी संस्थेला कोणी निवडले, आणि सुरक्षेविषयी बोलण्याचा तिचा हक्क कोणता?

हा झाला पूर्वपक्ष. त्यातले काही मला मान्य आहे, आणि ते आधीच सांगून टाकतो. व्यापक अर्थाचे कैवारी एक तुलना हमखास करतात: दिल्लीच्या राष्ट्रीय युद्धस्मारकावर स्वातंत्र्यानंतर कामी आलेल्या सैनिकांची सुमारे २६ हजार नावे आहेत, तर एकटा क्षयरोग त्याच्या कितीतरी पट माणसे एकेका वर्षात नेतो, मग खरा शत्रू कोण? ही तुलना टाळ्या मिळवणारी असली तरी फसवी आहे. शत्रूला हेतू असतो. तो आपला पुढचा डाव बघून स्वतःचा डाव बदलतो, आणि त्याला अडवले नाही तर नुकसान कुठवर जाईल याचा अंदाज मागच्या मृतांच्या संख्येवरून बांधता येत नाही. जंतूला डावपेच नसतात. दोन्ही मृत्यू टाळायला हवेत, पण ते एकाच तागडीत टाकण्याची गरज नाही, आणि व्यापक अर्थाचे समर्थन त्यावर अवलंबूनही नाही.

आता उत्तरपक्ष. व्याख्या फार पसरली ही तक्रार खरी मानली, तरी अरुंद व्याख्या त्यामुळे निर्दोष ठरत नाही. तिच्यात अव्याप्ती आहे: कपिला रंगाची तीच गाय म्हटले की काळी गाय गोठ्याबाहेर राहते. सीमेचे, ठाण्याचे, रस्त्याचे रक्षण करायचे कशासाठी? अलीकडच्या माणसांचे जीवित आणि जगण्याचा आधार शाबूत राहावा म्हणून. तोच आधार दुसऱ्या वाटेने, टाळता येण्याजोग्या कारणाने, सामुदायिक प्रमाणावर तुटत असेल आणि व्याख्या त्याकडे बघायला तयार नसेल, तर ती ज्या हेतूने केली त्या हेतूलाच अपुरी पडते. उलट पसरट व्याख्येला कुंपण घालता येते. सादाको ओगाता आणि अमर्त्य सेन यांच्या अध्यक्षतेखालील आयोगाने २००३ मध्ये ते घातलेही. जगण्याच्या गाभ्याला असलेले गंभीर आणि व्यापक धोके तेवढे आत. बाकी सुखदुःखे बाहेर. माझ्यापुरती मी त्यात आणखी एक अट जोडतो. धोका असा हवा की जो एकट्यादुकट्याला टाळता येत नाही पण संघटित व्यवस्थेला येतो. या कुंपणात दुष्काळ बसतो, साथ बसते, नवजात बालकांचे घाऊक मृत्यू बसतात. पदोन्नती हुकल्याचे दुःख बसत नाही. पॅरिस यांच्या आक्षेपाला एवढे उत्तर पुरेसे आहे.

व्यापक अर्थ ही १९९४ ची परदेशी टूम आहे, हे म्हणणे तर कौटिल्याच्या अर्थशास्त्राची पाने उलटल्याबरोबर गळून पडते. हेरगिरी आणि कूटनीती यांचा दाखला म्हणून जे कौटिल्याचे नाव घेतात त्यांनी चौथ्या अधिकरणातला तिसरा अध्याय बहुधा वाचलेला नसतो. कंटकशोधन, म्हणजे राज्यातले काटे उपटणे, हा त्या अधिकरणाचा विषय. तिथे चोरांच्या आणि कपटी कारागिरांच्या पंक्तीला आठ महाभये येतात: अग्नी, पूर, रोगराई, दुष्काळ, उंदीर, हिंस्र श्वापदे, साप आणि राक्षस. राक्षस सोडले तर ही यादी आजही कोणत्याही जिल्हाधिकाऱ्याच्या टेबलावर शोभेल. उंदरांसाठी मांजरे आणि मुंगसे सोडावीत इतक्या तपशिलापर्यंत आचार्य उतरतात. दुष्काळात राजाने बियाणे आणि अन्न द्यावे, किंवा अन्नाच्या मोबदल्यात तटबंदीची आणि बंधाऱ्यांची कामे काढावीत, असेही सांगतात. रोजगार हमीचा हा पूर्वज राज्याच्या सुरक्षेच्या शास्त्रात सापडतो, कल्याणकार्याच्या पुरवणीत नव्हे.

पण कौटिल्याचा आधार घेताना त्याची उणीवही पाहायला हवी, कारण माझा मुद्दा तिथून सुरू होतो. भय ओळखायचे तर ते कळले पाहिजे. कौटिल्याच्या राजाला ते कळते हेरांकडून: गृहस्थाच्या, व्यापाऱ्याच्या, तापसाच्या वेषातल्या गूढपुरुषांकडून. ही माणसे राजाचीच. राजाने जे विचारले तेच ती शोधतात आणि राजाला जे रुचेल त्याहून फार वेगळे सांगण्याचे धाडस करीत नाहीत. व्यापक सुरक्षेचे घोडे इथेच अडते. शत्रू शोधायला राज्याला डोळे असतात. स्वतःच्या कारभारातून किंवा दुर्लक्षातून उपजलेला धोका पाहायला ते डोळे निरुपयोगी ठरतात, कारण तो धोका कळवणे म्हणजे वरिष्ठांविरुद्ध तक्रार करणे.

याचे विसाव्या शतकातले सर्वांत भयंकर उदाहरण चीनचे. १९५८ ते १९६१ या काळात तिथे कोट्यवधी माणसे भुकेने मेली. धान्य किती पिकले याचे फुगवलेले आकडे गावातून तालुक्याला, तालुक्यातून प्रांताला, प्रांतातून राजधानीला गेले आणि त्या आकड्यांवर विसंबून खेड्यांतून धान्य उचलले गेले. सेन यांनी दाखवले की स्वतंत्र वृत्तपत्रे आणि विरोधी पक्ष नसल्यामुळे सरकारने जनतेला फसवले एवढेच झाले नाही, सरकार स्वतःही फसले. १९६२ मध्ये खुद्द माओने पक्षकार्यकर्त्यांसमोर कबूल केले की लोकशाही नसली की खाली काय चालले आहे ते वरच्यांना समजत नाही. याच राज्याने ऑक्टोबर १९६४ मध्ये अणुस्फोट केला. अरुंद व्याख्येने मोजले तर त्या दशकात चीन अधिक सुरक्षित झाला, असेच म्हणावे लागेल.

महाराष्ट्राने त्याच्या उलट अनुभव घेतला आहे. १९७२ च्या दुष्काळात पिकांची जी नासाडी झाली तिच्यावरून पाहता माणसे हजारोंनी मरायला हवी होती. मेली नाहीत. १९७३ च्या उन्हाळ्यात दुष्काळी कामांवर सुमारे पन्नास लाख मजूर होते. यात प्रशासनाची कर्तबगारी मोठी होती, वि. स. पागे यांची रोजगार हमीची कल्पनाही हाताशी होती. पण कामे पुरेशी निघाली ती नुसत्या परिपत्रकांनी नव्हे. मजुरी थकली की मामलेदार कचेरीवर मोर्चा जाई, काम मिळाले नाही की घेराव पडे, मुंबईत मृणाल गोरे आणि अहिल्या रांगणेकर यांच्या पुढाकाराने महागाईविरुद्ध लाटणी घेतलेल्या बायका रस्त्यावर येत, आणि जिल्ह्याजिल्ह्यातली वृत्तपत्रे कुठल्या गावात काम नाही ते छापत. ज्याँ द्रेझ यांनी या दुष्काळाचा जो अभ्यास केला त्यात या दबावाची नोंद ठळक आहे. त्या मोर्चांना तेव्हाही कायदा-सुव्यवस्थेचा प्रश्न म्हटले गेले. प्रत्यक्षात धोक्याची सूचना वेळेवर आणून देणारे ते टपालच होते.

नागरी समाजाचे सुरक्षेतले काम कोणते, याचे माझे उत्तर यात आहे. सेवा पुरवणे हे ते काम नव्हे. ती पुरवण्याची ताकद शेवटी सरकारकडेच असते. धोका मोजणे, त्याला नाव देणे आणि सत्तेला तो नाकारता येऊ नये अशा रीतीने मांडणे, हे ते काम. गडचिरोलीत ते कसे झाले ते जरा सावकाश पाहण्यासारखे आहे.

अभय आणि राणी बंग यांनी १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात या जिल्ह्यात काम सुरू केले. पहिल्या काही वर्षांत त्यांच्या ‘सर्च’ या संस्थेने जे केले ते वरवर पाहता फारसे वीरश्रीचे नाही. गावोगावी जन्म आणि मृत्यू मोजले. आता हे काम तर सरकार करतेच: ग्रामसेवक आहे, आरोग्य कर्मचारी आहे, रजिस्टर आहे. पण घरी जन्मलेले आणि चार-पाच दिवसांत गेलेले मूल रजिस्टरपर्यंत पोहोचत नाही. नाव ठेवायच्या आत गेलेल्या मुलाची वर्दी कोण देणार? पोहोचले तरी ‘उपजत मृत’ असा शेरा पडला की बालमृत्यूच्या आकड्यातून ते निसटते. मृत्यू कमी दिसले तर कर्मचाऱ्याला शाबासकी, जास्त दिसले तर कारणे दाखवा नोटीस. अशा व्यवस्थेत रजिस्टर प्रामाणिक राहणे कठीणच. या गावांत १९८८ च्या सुमारास हजार जिवंत जन्मांमागे १२१ अर्भके वर्षाच्या आत दगावत होती. हा आकडा कळल्यावर मग कारणांचा शोध सुरू झाला: जंतुसंसर्ग, श्वास गुदमरणे, कमी दिवसांचे आणि कमी वजनाचे मूल, न्यूमोनिया. मग गावातल्याच थोड्या शिकलेल्या बायकांना आरोग्यदूत म्हणून तयार केले गेले. त्या बाळाचे वजन करू लागल्या, त्याला उबेत ठेवायला शिकवू लागल्या, गुदमरलेल्याला श्वास देऊ लागल्या आणि जंतुसंसर्गावर इंजेक्शनही देऊ लागल्या. या शेवटच्या गोष्टीवर डॉक्टर मंडळींची भुवई उंचावली होती. १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. ३९ गावांत हे काम झाले होते, आणि तसे काम न झालेल्या गावांशी तुलना करता नवजात बालकांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी घटले होते.

पुढची पायरी राज्याच्या पातळीवरची. महाराष्ट्रातल्या अनेक संस्थांनी एकत्र येऊन आपापल्या भागांतले बालमृत्यू मोजले आणि ‘कोवळी पानगळ’ या नावाने अहवाल दिला. सरकारी नोंदींपेक्षा प्रत्यक्ष मृत्यू कितीतरी अधिक आहेत, हे त्यात दिसले. विधिमंडळात आणि वृत्तपत्रांत गदारोळ झाला, सरकारने आधी आकडे नाकारले आणि मग अभय बंग यांच्याच अध्यक्षतेखाली बालमृत्यू मूल्यमापन समिती नेमली. ज्याने आरसा दाखवला त्यालाच समितीवर बसवणे हे राज्यकर्त्यांचे शहाणपण होते. त्याचे श्रेय त्यांना द्यायला हवे. २०११ पासून घरोघरी नवजात बालकांची काळजी घेण्याची ही पद्धत ‘आशा’ कार्यकर्त्यांमार्फत देशभर राबवली जाते. प्रयोग संस्थेचा, विस्तार सरकारचा. पण संस्थेचा प्रयोग मोजणीनंतर आला, आणि ती मोजणी सरकारला स्वतःहून करता येत नव्हती.

‘आधी सुरक्षा, मग विकास’ या सूत्राचे काय? हे सगळे घडले ते नेमके गडचिरोलीत सुरुंग फुटत असताना. सी-६० हे विशेष पोलीस पथक आणि आरोग्यदूत ही दोन्ही कामे १९९० च्या दशकात एकाच जिल्ह्यात वाढली. शांततेची वाट पाहत मोजणी थांबवली असती तर त्या पिढीतली मुले गेलीच असती. दुसरे असे की अरुंद सुरक्षेलाही व्यापक सुरक्षेवाचून चालता येत नाही. राज्यातल्या मलेरियाच्या रुग्णांत गडचिरोलीचा वाटा फार मोठा आहे आणि डास गणवेश ओळखत नाही. जंगलात तळ ठोकून राहिलेल्या जवानाला मलेरियाची बाधा होते ती शेजारच्या माडिया वस्तीत उपचाराविना राहिलेल्या रुग्णामुळे.

मेंढा-लेखाची कथा आता बरीच परिचित झाली आहे, म्हणून थोडक्यात. धानोरा तालुक्यातल्या या छोट्या गोंड गावाने अभ्यासगट चालवून, सर्वसहमतीने निर्णय घेत, २००६ च्या वनहक्क कायद्याखाली सुमारे १८०० हेक्टर जंगलावरचा सामूहिक हक्क २००९ मध्ये मिळवला. बांबू विकायचा वाहतूक परवाना हातात पडायला मात्र एप्रिल २०११ उजाडावे लागले, आणि त्यासाठी केंद्रीय मंत्र्याला गावात यावे लागले. यात सुरक्षेचा संबंध कुठे? १९८० नंतर नक्षलवादी या जिल्ह्यात शिरले तेव्हा त्यांना पाय रोवता आले ते तेंदूपत्त्याच्या आणि बांबूच्या मजुरीवर. कंत्राटदार लुबाडत होता, वनरक्षक दमदाटी करीत होता. बंदूकवाल्यांनी दर वाढवून दिले. ग्रामसभा स्वतः तेंदूचा लिलाव करू लागल्या, पैसा थेट मजुराच्या हातात पडू लागला, तसा तो मुद्दा त्यांच्या हातून निसटत गेला. खंडणी लगेच थांबली नाही, हेही खरे. नियोजन आयोगाने नेमलेल्या, डी. बंडोपाध्याय यांच्या अध्यक्षतेखालील तज्ज्ञ गटाने २००८ मध्ये असंतोषाची मुळे जमीन, जंगल, विस्थापन, मजुरी आणि प्रशासनाचे वर्तन यांत दाखवली होती. हा गट सरकारनेच नेमला होता, हे विसरू नये. आणि पोलिसांनाही हे कळत होते. नाहीतर नक्षलवाद्यांना गावबंदी करणाऱ्या ठरावासाठी ते गावापुढे विकासनिधी ठेवून का बसले असते? ज्या गावसभेच्या ठरावाला सुरक्षेत किंमत आहे, तिच्या वनहक्काच्या ठरावाला नाही, हे कोणत्या न्यायाने?

मला खरोखर अडवणारा आक्षेप मात्र वेगळा आहे, आणि तो अरुंद व्याख्येच्या छावणीतून येत नाही. ओले वेव्हर या डॅनिश अभ्यासकाने १९९० च्या दशकात दाखवून दिले की एखाद्या प्रश्नावर ‘सुरक्षा’ असा शिक्का मारला की तो नेहमीच्या राजकारणातून उचलला जातो. चर्चा थांबते, तातडी येते, अपवादात्मक अधिकार येतात. मग अन्न, आरोग्य, पाणी यांवर हा शिक्का मारणे म्हणजे तेही पोलिसांच्या हाती देणे नव्हे काय? गडचिरोलीत याची झलक दिसते. पोलिसांनी ठाण्याठाण्यांत ‘दादालोरा खिडकी’ सुरू केली. जातीचे दाखले, सरकारी योजनांचे अर्ज, तरुणांचे प्रशिक्षण अशी कामे तिथे होतात. पावसाळ्यात पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा जगाशी संबंध तुटतो. तिथल्या माणसाला दाखल्यासाठी दूर जावे लागत नाही ही सोय मोठीच, आणि तिला नावे ठेवणे मला जमणार नाही. पण नागरिकाचा हक्क ठाण्याच्या खिडकीतून मिळू लागला की ठाण्याविरुद्धची तक्रार त्याने कोणत्या खिडकीत द्यायची, हा प्रश्न शिल्लक राहतो. इंद्रावतीपलीकडे, बस्तरमध्ये, याहून घातक प्रयोग झाला. सलवा जुडूमच्या नावाखाली सामान्य आदिवासी तरुणांच्या हाती शस्त्रे देऊन त्यांना विशेष पोलीस अधिकारी केले गेले. जुलै २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते घटनाबाह्य ठरवले. समाजाने सुरक्षेत पडू नये असे बजावणाऱ्यांनीच समाजाला सुरक्षेत असे ओढले होते. त्यांना समाज हवा होता, पण प्रश्न विचारणारा नको होता.

वेव्हर यांचा आक्षेप मी पुरता मान्य करतो आणि त्यावरूनच माझा निष्कर्ष काढतो. व्यापक अर्थ आणि स्वतंत्र नागरी समाज ही जोडी फोडता येत नाही. दुसऱ्यावाचून पहिला घेतला तर तो अरुंद अर्थापेक्षाही वाईट. त्यातून राज्याचा हात चुलीपर्यंत पोहोचतो आणि त्याला अडवणारे कोणी नसते. चिपळूणच्या छावणीतल्या अधिकाऱ्यांना शिवाजी महाराजांनी पाठवलेले पत्र मराठी वाचकाला ठाऊक आहे. लष्कराने रयतेचे धान्य, गवत, भाजी उचलली तर रयतेला वाटेल की याहून मोगल बरे, असे त्यात बजावले आहे. रक्षणासाठी आलेला हात हाच धोका होऊ शकतो, हे राज्यकर्त्याने स्वतः ओळखणे दुर्मीळ. जिथे राज्यकर्ता तेवढा जागा नसतो तिथे ते त्याला सांगणारे कोणीतरी बाहेर असावे लागते.

म्हणून नागरी समाजालाच रणभूमी मानण्याची भाषा मला चिंतेची वाटते. नोव्हेंबर २०२१ मध्ये हैदराबादच्या पोलीस अकादमीत राष्ट्रीय सुरक्षा सल्लागारांनी नव्या अधिकाऱ्यांसमोर बोलताना नागरी समाज ही युद्धाची नवी आघाडी असल्याचे सांगितले. त्यात फूट पाडून, त्याला वळवून राष्ट्राचे नुकसान करता येते, हा त्यांचा आशय. समाजात द्वेष पेरून देश पोखरता येतो, एवढाच अर्थ घेतला तर कोणाचेच दुमत नाही. पण विशीतल्या-तिशीतल्या पोलीस अधिकाऱ्याच्या कानावर ‘आघाडी’ हा शब्द पडला की त्याला पुढे दिसतो तो शत्रू. शेजारच्या छत्तीसगडमध्ये २००५ साली विशेष जनसुरक्षा कायदा झाला. आदिवासी आणि खाणकामगार यांच्यात वर्षानुवर्षे काम केलेले बालरोगतज्ज्ञ आणि मानवी हक्क कार्यकर्ते डॉ. बिनायक सेन यांना २००७ मध्ये अटक झाली ती याच कायद्याचा आधार घेऊन. २०१० मध्ये रायपूरच्या न्यायालयाने त्यांना राजद्रोहाखाली जन्मठेप सुनावली. एप्रिल २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने जामीन दिला. खटल्याच्या गुणदोषांत मी शिरत नाही. एका डॉक्टरला गजाआड पाहिल्यावर त्या भागात कुपोषणाची मोजणी करायला दुसरा किती उत्साहाने पुढे येईल, एवढेच विचारतो.

महाराष्ट्राच्या विधिमंडळाने जुलै २०२५ मध्ये विशेष जनसुरक्षा विधेयक मंजूर केले. संयुक्त समितीकडे बारा हजारांहून अधिक सूचना आणि हरकती आल्या आणि त्यानंतर मसुद्यातली भाषा आवळली गेली. माझ्या मते हा या लेखाच्या बाजूचा पुरावा आहे: कायद्याची अतिव्याप्ती कोणी दाखवली, तर हरकती घेणाऱ्यांनी. जे विद्वान मानवी सुरक्षेच्या व्याख्येत अतिव्याप्ती पाहून अस्वस्थ होतात, त्यांनी ‘बेकायदा कृत्य’ या व्याख्येची अतिव्याप्तीही त्याच चिकाटीने मोजायला हवी. अहवालातली सैल व्याख्या फार तर निधी वाया घालवील. कायद्यातली सैल व्याख्या माणसे आत घालते.

राहिला अधिकाराचा प्रश्न. तुम्हाला निवडले कोणी? कोणीही नाही, हे खरे आहे. स्वयंसेवी संस्थांत ढोंग आहे, देणगीदाराच्या तालावर नाचणे आहे, एकाच गावावर चार पाट्या लावण्याची चढाओढ आहे. हिशेब तपासले जावेत, पैसा कुठून आला ते उघड असावे, यावर वाद नको. पण निवडून येण्याची अट हुकूम सोडणाऱ्याला असते. धोका सांगणाऱ्याला अट एकच, की त्याचे सांगणे तपासता यावे. बंगांचे आकडे तुलनेच्या गावांसह जगापुढे ठेवलेले होते. ते खोडून काढायची मुभा सरकारला होती, विरोधकांना होती, दुसऱ्या संशोधकांनाही होती. मेंढ्याच्या ग्रामसभेचा निर्णय सर्वांसमोर होतो. याच अटीवर चकमकीच्या सरकारी निवेदनाचीही तपासणी व्हावी, एवढीच नागरी समाजाची मागणी आहे.

गडचिरोलीत ही अट लवकरच कसाला लागणार आहे. एटापल्ली तालुक्यात सूरजागडचा लोहखनिजाचा डोंगर आहे. तिथे ठाकूरदेवाचे ठाणे आहे, दर वर्षी जत्रा भरते, आणि परिसरातल्या ग्रामसभांनी खाणीला वेळोवेळी हरकत घेतली आहे. डिसेंबर २०१६ मध्ये माओवाद्यांनी खाणीवरची सत्तरहून अधिक वाहने जाळली; त्यानंतर ग्रामसभेचा कागद आणि जळालेला ट्रक या दोन गोष्टी एकाच फायलीत घालणे प्रशासनाला सोपे झाले. हरकत कोणाच्या सांगण्यावरून घेतली, असे विचारले की ती वाचण्याची गरज उरत नसे. पाणी कुठे जाणार, जंगल किती तुटणार, धूळ कोणाच्या शेतात बसणार, वाहतुकीखाली माणसे मेली तर भरपाई कोण देणार, हे त्यातले प्रश्न तेव्हाही होते. आता ते वाचावे लागतील.